निव्वळ वजन

सावद्याच्या वजनकाट्यावर
अकरा वर्षं झाली मला.
भरलेली गाडी वजा रिकामी गाडी
बरोबर निव्वळ केळी.
एवढंच गणित, दिवसातून शंभरदा.

जानेवारीपासून मात्र
पहिल्या पावतीलाच मान गळायची.
केबिनच्या पायऱ्या तीनच,
त्या लोखंडी पाइप धरून चढायचे.
लिहिता लिहिता सातचा एक व्हायचा.
बोटांच्या टोकांना मुंग्या,
जसा काही गूळ सांडलाय तिथे.

घरी म्हटलं, थकवा येतो.
मधुकर म्हणाले, बायांना येतोच,
आणि डबा घेऊन भुसावळला
रात्रपाळीला गेले.

एका दुपारी गाड्या नव्हत्या.
मीच जाऊन उभी राहिले
साठ टनांच्या काट्यावर, मधोमध,
बाहेरचा लाल आकडा बघत.
पन्नास.
दहाच्या खालचं तो काही मोजत नाही.
थकवा नऊ किलोचा असेल
तर त्यानं धरलाच नसेल.

फैजपूरच्या झांबरे मॅडमनी रक्त काढलं.
बी-बारा एकशे एकोणचाळीस. लोह काठावर.
डी आठ.
आठ?
मी म्हटलं, मॅडम, मे चालू आहे,
रस्त्याचं डांबर चपलेला चिकटून घरी येतंय,
इथं ऊन काय कमी पडतं?
त्या म्हणाल्या, ऊन बाहेर पडतं. तुम्ही आत असता.

खरंच होतं.
काळी काच, तोंडाला रुमाल,
गाडीवर कोपरापर्यंत हातमोजे.
शेहेचाळीस अंश माझ्या अंगावरून गेले,
पावती न फाडता.

मग सुरू झालं.
पहिली पाच इंजेक्शनं लाल, कुंकू कालवल्यासारखी.
रविवारी दुधाबरोबर एक पिवळी कॅप्सूल.
रोज एक गोळी जिभेखाली,
ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही:
ड्रायव्हर भांडतात, मी बोटानं आकडा दाखवते.
शिवाय लोहाची गोळी,
आणि तिच्या आगेमागे दोन तास
चहा नाही.
गोळीपेक्षा हेच कडू.

सगळे सांगतात, केळी खात जा ताई.
रोज शंभर टन केळी जातात माझ्या समोरून.
केळ्यात ते नसतं, मी म्हणते,
आणि या गावात
कोणाचा विश्वास बसत नाही.

कळण्याची भाकरी पुन्हा धरली, उडीद जरा सढळ.
पोकळ्याची भाजी, वर लिंबू. दही.
अंड्याचं मात्र आमच्याकडे नाव काढत नाहीत.
समोरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हमीदा तडवी क्रेट मोजते,
तिनं डबा पुढे सरकवला:
खाय वं बाई, कोनाले सांगत नही मी.
पहिलं अंडं डोळे मिटून खाल्लं.
दुसरं
मीठ मागून घेऊन.

चमत्कार वगैरे काही नाही.
तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी लक्षात आलं,
पाइप धरला नव्हता.
रात्री भांडी झाली, ओटा पुसला,
आणि आणखी काहीतरी करावंसं वाटलं.
काय ते सुचेना.
नुसतीच उभी राहिले थोडा वेळ,
नळ बंद करून.

मोजायची सवय जात नाही.
लोहाची पट्टी पंधराची, मंगळवारी फोडलेली.
शुक्रवारी अकरा उरायला हव्यात.
नऊ होत्या.
पुन्हा मोजल्या. नऊ.

बाहेर मधुकर गाडीला किक मारत होते.
एक. दोन. तीन.
मग सीटवर दोन्ही हात टेकून उभे राहिले,
इतका वेळ की शेजारचं कुत्रं
उठून बघायला आलं.

मी काही विचारलं नाही.
झांबरे मॅडमकडे शनिवारचा नंबर लावला, त्यांच्या नावानं,
आणि चिठ्ठी त्यांच्या चष्म्याखाली ठेवली.

सकाळी ते पाळीवरून आले.
चिठ्ठी वाचली, घडी केली, खिशात घातली.
मी आधण ठेवायला वळले
तर म्हणाले,
चहा आत्ता नको.
दोन तासांनी टाक.